दोघांत एक नाक

ग्लेनिस नोस्केच्या नाकावर नदीच्या आमच्या वळणावरच्या सगळ्या हाउसबोटींचा विश्वास होता. कुणाच्या गॅसच्या नळीला बारीक भोक पडलंय, कुणाच्या बर्फपेटीत मासा राहून गेलाय, कुणाच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही, हे तिला काठावरून जाता जाता कळायचं. "ग्लेन, जरा येऊन जा गं," अशी हाक आली की ती जायची, दारात उभी राहून एकच श्वास घ्यायची आणि सांगून टाकायची. ती चुकली असं कधी झालं नाही. आणि तिच्या नवऱ्याला, लायलला, तर गेली चार वर्षं तेवढंच एक नाक होतं. साथीच्या तापात त्याचा वास गेला तो गेलाच.

लायल तसा गोड माणूस. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याला नावं ठेवतात, मग ग्लेनिसला ठेवतात, आणि खरं काय ते बाजूलाच राहतं. चाळीस वर्षं गावात त्याची बेकरी होती. पहाटे तीनला उठून पीठ मळायचं, सातला दुकान उघडायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायची. ती विकली आणि दुसऱ्याच महिन्यात घरही विकून त्याने ही बोट घेतली. "दोन वर्षं, ग्लेन. फार तर दोन. नदी बघू, मासे मारू, मग परत एखादं घर." ग्लेनिसने ते खरं मानलं. परसातली माती दोन बादल्या भरून तिने बोटीवर आणली आणि त्यात टोमॅटो लावले. दोनाची तीन वर्षं झाली, तीनाची सहा, सहाची अकरा. प्रत्येक हिवाळ्यात लायल म्हणायचा, "एवढा उन्हाळा काढू," आणि प्रत्येक उन्हाळ्यात म्हणायचा, "आता थंडी येईल, कुठे हलतेस?"

बोटीचं नाव त्याने आईच्या नावावरून ठेवलं होतं, टिल्डा. "सासू होती तेव्हा तिच्या घरात तीन वर्षं काढली, आता तिच्या पोटात काढतेय," असं ग्लेनिस म्हणायची आणि शेजारच्या बोटीवरची नोरीन पोट धरून हसायची. पहिली पाच वर्षं ग्लेनिस स्वतःही हसायची.

आता बघा, बारा मीटर लांब आणि चार मीटर रुंद. त्यात पलंग, चूल, टेबल, त्याच्या गळांचा पसारा आणि दोन माणसं. पलंगापासून चुलीपर्यंत सात पावलं. दिवसभरात दोघं एकमेकांशी जेवढे शब्द बोलायची त्यांतले निम्मे "जरा सरक" हेच असायचे. ग्लेनिसचा गुडघा गेला तशी काठावर टाकलेली फळी तिला एकटीला ओलांडवेना. लायलने हात धरायचा तेव्हा ती जमिनीवर. लायल मासे मारायला गेला की ती तिथेच. काठ एवढा जवळ, की त्यावरच्या मुंग्या दिसायच्या, आणि तिथे जायची सोय नाही. अशा वेळी ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मनातल्या मनात शिव्या द्यायची. शिव्या तिला बेकरीच्या काळापासून चांगल्या येत होत्या.

पण बोटीवरचं तिचं खरं बंधन होतं संडास.

नदीचा नियम सोपा आहे. एक थेंब पाण्यात जाता कामा नये. आमचंच पाणी खाली शहरापर्यंत लोक नळाने पितात, त्यामुळे त्यात कुणाचा वाद नाही. बहुतेक बोटींना बंद टाकी असते. ती भरली की धक्क्यावर जायचं, नळी जोडायची, पंपाने उपसून घ्यायची. पण टिल्डा म्हातारी आणि उथळ बुडाची. तिच्या तळाशी टाकीला जागा नव्हती, आणि कशीबशी बसवलीच असती तर भरल्यावर बोट एका अंगाला बसली असती. म्हणून लायलने स्वतःच्या हाताने खताचा संडास बांधला होता. लाकडी पेटी. पुढच्या भागातून लघवी वेगळी होऊन खालच्या कॅनमध्ये जाते, मागचं मागे पडतं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात. बाहेरून हँडल फिरवलं की सगळं खालीवर होतं, आणि एक छोटा पंखा नळीवाटे हवा छतावर सोडतो. पुरुषांनीही बसूनच करायचं, ही पहिली अट. ओलं आणि सुकं एकत्र झालं की खलास, खताचं सडकं होतं. चार-पाच महिने ड्रममध्ये बंद राहिलेलं खत आणि भरलेले कॅन, दोन्ही धक्क्यावर नेऊन द्यायचे आणि वहीत सही घ्यायची. अशा संडासाला वेगळा परवाना लागतो. दर दोन वर्षांनी नदीखात्याचा माणूस येऊन पेटी उघडतो, उकरून बघतो. कोरडं असेल तर शिक्का. ओलं असेल तर टाकी बसवा, नाहीतर बोट पाण्याबाहेर काढा.

हे सगळं काम, म्हणजे कॅन, पेटी, ड्रम, वही, ग्लेनिसकडे; धक्क्यावर जायचं तर फळीवर तेवढा लायलचा हात. लायलच्या खांद्याला वजन सोसत नव्हतं आणि नाकाला काही कळत नव्हतं. त्याच्याकडे हँडल फिरवणं होतं आणि मिरवणं होतं. पाहुणा आला रे आला की चहाच्या आधी तो हातात पिवळा रबरी मोजा घालायचा, पेटीच्या तळाचा खण उघडून मूठभर खत काढायचा आणि पाहुण्याच्या नाकाखाली धरायचा. "घ्या, वास घ्या. घाबरता कशाला? काय येतो वास? रान! ओल्या रानाचा वास!" पाहुणा बिचकत नाक पुढे करायचा आणि खरंच रानाचा वास यायचा. लायलचं तोंड असं फुलायचं की जणू बेकरीतला पहिला पाव बाहेर आलाय. वास गेल्यावरही त्याने हे सोडलं नाही. फक्त रोज सकाळी हँडल फिरवून झालं की तो बायकोला विचारायचा, "काय म्हणतंय?" आणि ती आतून ओरडायची, "रान!" मग तो शीळ वाजवत चहा ठेवायचा.

मोठ्या पुराच्या साली काठ बुडाला, धक्का बुडाला, पंप बुडाला. टाक्या भरलेल्या बोटी एकेक करून सोडाव्या लागल्या, माणसं गावातल्या सभागृहात गादीवर जाऊन झोपली. ग्लेनिसनेही पिशवी भरून ठेवली होती. पण लायल म्हणाला, "आपल्याला जायची काय गरज? आपला संडास चालू आहे!" सात आठवडे ती दोघं तांबड्या गमच्या झाडाच्या बुंध्याला दोर बांधून चहूकडच्या मातकट पाण्यात बसली होती. पोलिसांची होडी दूध आणि औषधं टाकून, भरलेले कॅन घेऊन जायची. लायल सगळ्यांना ओरडून सांगायचा, "बघा, आख्ख्या वळणावर एकच संडास चालू!" ग्लेनिस आत बसून ती भरलेली पिशवी पायाने ढकलत राहायची. तिने तो संडास इतका चोख ठेवला नसता, तर तीही सभागृहात बायकांबरोबर पत्ते खेळत बसली असती. हे तिच्या डोक्यात तेव्हाच पहिल्यांदा आलं.

मार्चच्या सुरुवातीला मुलीचा, केरिनचा, फोन आला. सहा वर्षांपूर्वी केरिनने गावातल्या म्हाताऱ्यांच्या वस्तीत आईचं नाव लावून ठेवलं होतं.

"आई, सात नंबर रिकामं झालंय. तळमजला. मागे दार उघडलं की माती आहे. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर पुढच्याला जाईल."

"बाबांशी बोलते."

"बोलू नकोस गं. बोललीस की तू राहतेस. नुसती ये."

ग्लेनिस अर्थातच बोलली. दुसऱ्या दिवशी डेकवर, टोस्ट आणि जर्दाळूचा जॅम समोर ठेवून.

"दाराबाहेर स्वतःची माती आहे म्हणे," ती म्हणाली. "चार हात."

लायलने टोस्ट खाली ठेवला. चेष्टा करेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने केली नाही. "मग तू जा, ग्लेन. अकरा वर्षं काढलीस. मी अडवणार नाही. शनिवार-रविवार येत जा, मी मासा भाजून ठेवीन."

तो मनापासून बोलत होता, हीच तर पंचाईत. भांडला असता तर तीही भांडली असती. मागच्या थंडीत ती अंघोळीला गेली असताना शेगडीची ज्योत वाऱ्याने विझली होती. ती बाहेर आली तर खोली गॅसने भरलेली आणि हा बाबा पेपर बाजूला ठेवून कंदील लावायला काडी काढून बसलेला. तिने झेप घेऊन त्याच्या हातातली काडी उडवली तेव्हा तो म्हणाला, "काय झालं? माशी होती?" या माणसाला एकट्याला ठेवून ती कुठे जाणार होती?

"तुला सोडून मी कशी जाऊ रे?"

"मग राहा."

"आणि तू नाही येणार."

"टिल्डा पाण्यावर आहे तोवर नाही." मग तो हसला. "खात्याने उद्या तिला नापास केलं ना, तर चकार शब्द न काढता येईन तुझ्या मागून. शब्द देतो. पण खात्याला ते जमायचं नाही, राणी. पेटी तू सांभाळतेस." त्याने तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि गळ उचलून काठावर गेला. फळी टाकायला विसरला नाही, पण तिला हात द्यायला विसरला.

ती बसून राहिली. खात्याचा माणूस वीस तारखेला येणार होता. कॅलेंडरवर तिनेच लाल गोल केला होता.

सोळाला सकाळी लायल गेल्यावर तिने कॅन बाहेर काढला. रोज तो बंद करून फळीजवळ ठेवायचा असे. त्या दिवशी तिने पेटीचं मागचं झाकण उघडलं आणि कपभर ओतलं. एवढ्या वर्षांत काम मुद्दाम बिघडवायची तिला सवयच नव्हती. जमलं नाही म्हणून तिने झाकण लावलं. मग परत उघडलं आणि उरलेलं सगळं ओतलं.

दुसऱ्या दिवशीही तिने कॅन तसाच रिकामा केला, आणि वास बदलला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या नाकाने आख्ख्या वळणाची राखण केली, ते नाक घेऊन ती त्या चार मीटरमध्ये बसली होती. खिडक्या उघडाव्यात तर शेजाऱ्यांना कळेल, मिटाव्यात तर जीव जाईल. नोरीनने पलीकडून विचारलंच, "ग्लेन, कुठे काही मेलंय का गं?"

"कार्प मासा असेल काठावर. लायल टाकतो आणि विसरतो."

"तरीच! सांग त्याला, पुरत जा म्हणावं."

आणि रोज सकाळी हँडलची करकर झाली की लायलची हाक यायची, "काय म्हणतंय?"

"रान!"

"हँडल हलकं लागतंय गं."

"नवीन कोकोपीट आहे."

"तू आहेस म्हणून हो," असं म्हणून तो शीळ वाजवायचा. चारही दिवस. ती शीळ ऐकून तिला एकदा वाटलं, सरळ जाऊन सगळी पेटी उपसून काढावी, कोरडं करावं, अजून वेळ आहे. तिने खरंच बाही वर केली. तेवढ्यात आत जाताना तिचा गुडघा टेबलाला लागला, नेहमीच्याच कोपऱ्याला, आणि तिने बाही खाली केली.

वीस तारखेला सकाळी लायलने इस्त्रीचा शर्ट घातला आणि बन भाजले. अजूनही तो भाजायचा. झाले की नाही ते ग्लेनिस वासावरून सांगायची. त्या दिवशी तिला बनचा वास येईना, तिने घड्याळ बघून सांगितलं. अकराला इन्स्पेक्टर पास्को पत्र्याच्या होडीतून आला. चाळिशीतला शांत माणूस, आठ वर्षं तोच यायचा, लायलचे बन खायचा, शिक्का मारायचा. बोटीवर पाय ठेवला आणि तो थांबला. त्याने ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिस बनकडे बघत होती.

"या या, पास्को! आधी काम, मग बन," लायल म्हणाला. पास्को त्याला थांबवणार तेवढ्यात त्याने मोजा चढवला होता, खण ओढला होता आणि मूठ भरून थेट त्याच्या नाकाखाली धरली होती. "घ्या. वास घ्या. रान!"

पास्कोने तोंड फिरवलं आणि हात तोंडावर दाबला. लायलच्या मुठीतून काळं पाणी गळत होतं. ते मोज्यावरून मनगटावर आलं, इस्त्रीच्या बाहीत शिरलं. लायलने आधी पास्कोचं तोंड बघितलं, मग स्वतःची मूठ. बोटांमध्ये ते चोळून बघितलं. चाळीस वर्षं पीठ मळलेल्या माणसाला ओलं काय आणि कोरडं काय हे सांगायला नाक लागत नाही.

"हे ओलं आहे," तो म्हणाला.

"लायल," पास्को हळू आवाजात म्हणाला, "यात पातळ जातंय. बरंच. कुणाचं तरी पुढच्या भागात पडत नाहीये."

ग्लेनिसकडे एक वाक्य तयार होतं. कोकोपीट खराब निघालं असेल, असं ती म्हणणार होती. चार दिवस ते तिने घोकलं होतं. तिने तोंड उघडलं, पण लायल आधी बोलला.

"मी आहे तो."

काठावर एक पेलिकन पंख झटकत होता.

"पहाटे उठतो मी. दोनदा, तीनदा. डोळे पण उघडत नाहीत धड. नीट बसतो असं वाटायचं मला." तो खुर्चीवर बसला. मोज्याचा हात त्याने दूर धरला होता, कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखा. "हल्ली बरंच विसरतो मी. परवा दोर चुकीचा बांधला. पण हे... हेही कळत नाही, असं नव्हतं वाटलं."

"लायल, अरे..." ग्लेनिस म्हणाली.

"आणि हिला बघा, पास्को. नदीवरचं सगळ्यात तिखट नाक. हिला कळलं नसेल? रोज सकाळी मी विचारतो आणि ही म्हणते, रान. या घाणीत बसून मला रान म्हणते! माझी लाज राखायला. पन्नास वर्षांत ही बाई माझ्याशी खोटं बोलली नाही, ती माझ्यासाठी बोलली." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो तिच्याकडे असं बघत होता, की लग्नातही त्याने तसं बघितलं नव्हतं. "कागदावर हिचं नाव घालू नका. चूक माझी लिहा."

पास्कोने पेन काढलं. ते सावकाश चालत होतं.

ग्लेनिसला सगळं लख्ख दिसत होतं. आता बोललं तर बोट राहील, सात नंबर जाईल, आणि लायलला कळेल की त्याची बायको चार दिवस काय करत होती. नाही बोललं तर ती जमिनीवर जाईल, आणि हा माणूस उरलेला जन्म स्वतःला असा समजत राहील. तिला वाटलं, पास्को काहीतरी विचारेल, मग सांगून टाकीन. पास्कोने काही विचारलं नाही. त्याने कागद पुढे केला आणि लायलने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. ग्लेनिसने तोंड मिटून घेतलं. एवढंच तिने केलं, आणि एवढं पुरलं.

लायलने शब्द पाळला. चकार शब्द काढला नाही. एप्रिलमध्ये क्रेनने टिल्डाला उचललं तेव्हा तो पाठ करून उभा होता. एका शेतकऱ्याने तिला नेऊन माळावर ठोकळ्यांवर ठेवलं. आता तिच्यात त्याच्या कोंबड्यांचं खाद्य असतं.

सात नंबर चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. पलंगापासून चुलीपर्यंत चौदा पावलं, दोन दारं, मागे माती. ग्लेनिसने पालक लावला, वाल लावले. गुडघ्याला फळी नव्हती, कुणाचा हात नको होता, वाटेल तेव्हा ती रस्त्यावर जाऊ शकत होती. पहिल्या आठवड्यात ती रोज दुकानापर्यंत जाऊन काही न घेता परत आली. पण नोरीनने त्या दिवशी पलीकडच्या बोटीवरून सगळं ऐकलं होतं आणि सगळीकडे सांगून ठेवलं होतं. दुकानात बायका तिचा दंड दाबायच्या. "ग्लेन, सोनं आहेस गं तू. आमचा नवरा असता तर आम्ही चारचौघांत बोंब मारली असती." कुणी केक आणून द्यायचं. ग्लेनिस थँक्यू म्हणायची आणि तो केक तसाच डब्यात ठेवून द्यायची.

आणि लायल म्हातारा झाला. बोटीवर चौऱ्याहत्तरचा होता, जमिनीवर एका महिन्यात नव्वदीचा झाला. बाहेर चहा प्यायचा नाही, कारण बाहेर जावं लागलं तर? हिरवळीवर चेंडू खेळणारे बोल्स क्लबवाले बोलवायला आले, गेला नाही. पलंगावर त्याने स्वतः जाऊन प्लॅस्टिकचं कापड आणून घातलं. ते रोज कुशीवर वळताना करकरायचं. डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या, स्मरणशक्तीचे प्रश्न विचारले, आणि सांगितलं की तुम्ही ठणठणीत आहात. लायल घरी येऊन म्हणाला, "त्याला काय माहीत? तो बोटीवर नव्हता."

जूनमध्ये एका दुपारी तो खुर्चीत बसून पाण्याचा ग्लास मोजून अर्धा करत होता. जास्त प्यायला नको म्हणून. ग्लेनिसला ते बघवेना. तिने ग्लास काढून घेतला आणि त्याच्यासमोर बसली.

"लायल, ऐक. तू काही केलं नव्हतंस. मी ओतलं होतं. कॅन घेऊन, मागच्या झाकणातून. चार दिवस. मला बोटीवरून उतरायचं होतं म्हणून. तू एकदाही चुकला नाहीस. ऐकतोयस का? मी केलं ते."

ती वाट बघत होती. ओरडेल, ग्लास फेकेल, निघून जाईल, काहीही करेल. ते सगळं तिला हवं होतं. एवढं जोरात ओरडावं त्याने, की शेजारच्या आठ नंबरला ऐकू जावं.

त्याने तिचा हात हातात घेतला. "पुरे, ग्लेन," तो म्हणाला. "इथे कुणी इन्स्पेक्टर नाही. माझ्यासाठी आणखी खोटं नको बोलूस."

"अरे खोटं नाही! केरिनची शपथ! मीच केलं!"

"बरं बरं," तो म्हणाला, आणि तिचा हात थोपटत राहिला.

संध्याकाळी त्याने केरिनला फोन लावला. "तुझी आई बघ काय म्हणाली मला आज. मला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर घेतलं." मग केरिनने आईला फोन द्यायला सांगितलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "आई, तुझं मन कळतं मला. पण बाबांना असं गोंधळात टाकू नकोस. आधीच त्यांचं डोकं फार चालत नाही." ग्लेनिसने फोन ठेवून दिला. सांगायला आता कुणीच उरलं नव्हतं.

आता रोज असं असतं. सकाळी लायल संडासात जातो आणि दार लावत नाही. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज येतो, मग त्याची हाक. "ग्लेन, बघून जा गं जरा." ती बागेत असली तरी उठून येते. दुखरा गुडघा धरून खाली वाकते, भांड्याच्या कडेने बघते, खालची फरशी बघते.

"कोरडं आहे," ती सांगते.

"नक्की?"

"नक्की."

"माझं मन राखायला म्हणत नाहीस ना?" तो विचारतो. भिंतीला टेकून, पट्टा हातात धरून, तो उभा असतो. "नीट हात लावून बघ."

ती पुन्हा वाकते आणि फरशीवर हात फिरवते.